रानपिंगळ्याची चिठ्ठी

दिवाळीच्या अंकात घुबडाचे काय काम, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. ज्याचा आवाज तिन्हीसांजेला परसातल्या चिंचेवर उमटला की घरातील वडीलधारी बाई "कुठून कडमडले मेले" म्हणून दार लोटून घेते, त्याची आठवण सणासुदीला कोणी काढू नये, हे खरेच. परंतु लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण जिच्यापुढे लाह्याबत्ताशांचा नैवेद्य ठेवतो, तिचे वाहन परंपरेने उलूकच मानलेले आहे. बंगालकडच्या तसबिरींतून तर ते तिच्या पायाशी मोठ्या ऐटीत बसलेले असते. कणादमुनींच्या वैशेषिक दर्शनाला ‘औलूक्य दर्शन’ असे दुसरे नाव आहे. म्हणजे धनाची देवता आणि तर्काचे शास्त्र या दोघांनाही ज्याचा विटाळ वाटला नाही, त्याची एक गोष्ट दिवाळीच्या फराळाबरोबर ऐकायला हरकत नसावी.

गोष्ट आपल्याच खानदेशातली आहे. तिच्यात एक इंग्रज कलेक्टर आहे, एक चोर कर्नल आहे, लंडनच्या संग्रहालयातील चोरी आहे आणि अमेरिकेहून आलेली एक बाई आहे. हे सारे एखाद्या रहस्यकथेला शोभावे असे असले, तरी त्यातील एकही पात्र माझ्या पदरचे नाही. मी कादंबऱ्या लिहितो, पण पोटापाण्यासाठी शाळामास्तर आहे. आणि आज जी हकीकत सांगणार आहे, ती कादंबरीकारापेक्षा मास्तराला अधिक भावलेली आहे.

पिंगळा आपल्या सर्वांच्या परिचयाचा. साळुंकीएवढे लहानसे घुबड; अंगावर पांढरे ठिपके, वाटोळे पिवळे डोळे, आणि माणूस दिसला की मान खालीवर करून त्याला न्याहाळण्याची खोड. जुन्या आंब्याच्या ढोलीत, देवळाच्या वळचणीला, गावाबाहेरच्या वडावर त्याचे बिऱ्हाड असते. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा आणि घरच्यांचे भविष्य वर्तवणारा पिंगळा जोशी आपले नाव याच पाखरावरून सांगतो. त्याची बोली आपल्याला कळते, असा त्याचा दावा. या गाववाल्या पिंगळ्याचा एक रानातला भाऊबंद आहे, तो रानपिंगळा. अंगाने किंचित थोराड, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत आडवे पट्टे, छातीचा रंग तपकिरी, पोट आणि पाय पांढरेशुभ्र. चोच आणि नख्या मात्र आकाराच्या मानाने मोठ्या. आणि मौज अशी की, घुबड असून हा दिवसाढवळ्या वावरतो. सागाच्या निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर कोवळ्या उन्हात बसून सरड्यांवर आणि उंदरांवर नजर ठेवतो, आणि शेपटी इकडून तिकडे झटकीत राहतो.

अशा उजेडात वावरणाऱ्या पाखराची शास्त्रज्ञांना पक्की नोंद होऊन १८८४ साल उलटले, आणि पुढे एकशे तेरा वर्षे त्याचा पत्ता लागला नाही. का लागला नाही, तीच आपली गोष्ट.

तिचा आरंभ होतो अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम या साहेबापासून. शाळेच्या इतिहासात राष्ट्रीय सभेचा एक संस्थापक म्हणून त्याचे नाव आपण घोकलेले असते. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत जी पहिली बैठक भरली, तिच्यामागचा हा मुख्य खटपट्या. पण त्या आधीची पंचवीस वर्षे या माणसाला वेड होते ते पाखरांचे. सिमल्याला जाखू टेकडीवरील ‘रॉथनी कॅसल’ या आपल्या बंगल्यात त्याने हिंदुस्थानभरच्या पक्ष्यांचा एवढा मोठा संग्रह केला होता की, त्याच्या तोडीचा खासगी संग्रह आशिया खंडात दुसरा नव्हता. कलेक्टर, इंजिनियर, लष्करी अधिकारी, भूगर्भशास्त्रज्ञ, ज्याला ज्याला म्हणून बंदूक आणि हौस होती, तो तो ह्यूमकडे पाखरांची कातडी धाडत असे. त्यांच्या नोंदी छापण्यासाठी त्याने ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे ‘भटकी पिसे’, या नावाचे एक नियतकालिकच चालविले होते.

डिसेंबर १८७२ मध्ये ब्लुइट नावाच्या एका अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात एक छोटे घुबड मिळविले. ते ह्यूमकडे आले. पाहताक्षणीच त्याच्या लक्षात आले की, हा नेहमीचा पिंगळा नव्हे. १८७३ साली त्याने त्याचे नामकरण केले ‘हेटेरोग्लॉक्स ब्लुइटी’. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘वेगळे घुबड’, दुसऱ्यात ब्लुइटचा मान. पुढे १८७७ साली व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला ओरिसातील खरियारजवळ तसेच एक पाखरू मिळाले.

ह्यूमच्या संग्रहाचा शेवट मोठा चमत्कारिक झाला. पंचवीस वर्षे राबून त्याने हिंदी पक्ष्यांवरील महाग्रंथाचे हस्तलिखित तयार केले होते. एके हिवाळ्यात साहेब सिमल्याबाहेर असताना एका नोकराने ते सारे कागद बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकले! १८८५ साली साहेब परत येऊन पाहतो तो मणामणांनी असलेले लिखाण नाहीसे झालेले. सिमल्याच्या कोणत्या वाण्याने त्या कागदांत किती हळद-धने बांधून दिले असतील, देव जाणे. ह्यूमचे मन असे विटले की, त्याने सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला. ब्याऐंशी हजारांच्या घरात नग होते. ते नेण्यासाठी म्यूझियमचा माणूस खास सिमल्याला आला आणि देवदाराच्या अवजड पेट्या भरभरून पाखरे विलायतेस गेली. पुस्तक गेले, पाखरे राहिली. आणि पाखरे राहिली म्हणजे त्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्या राहिल्या. या चिठ्ठ्यांकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे.

संग्रहालयातील पाखरू म्हणजे काय? सोललेले कातडे, आत कापूस, पोटावर टाका. डोळ्यांच्या जागी कापसाचे बोळे. त्याला ना आवाज, ना उड्डाण. ते शास्त्राच्या उपयोगी पडते ते पायाला दोऱ्याने बांधलेल्या बोटभर चिठ्ठीमुळे: कोठे मिळाले, कोणत्या तारखेस, कोणाला. तेवढी चिठ्ठी काढून घ्या, म्हणजे ते पाखरू एखाद्या बेवारशी मुलासारखे होते. आणि चिठ्ठीवर खोटे लिहा, म्हणजे ते बेवारशीहून वाईट; कारण ते साक्ष देत राहते, पण खोटी.

आता आपण खानदेशात येऊ. १८८० च्या सुमारास तेथे जेम्स डेव्हिडसन नावाचा सनदी नोकर होता. सारावसुलीसाठी, जमाबंदीसाठी साहेबाच्या राहुट्या गावोगाव पडत. शहादे, तळोदे, सातपुड्याच्या पायथ्याची गावे त्याच्या फिरतीची. तपासणीचे काम आटोपले की स्वारी दुर्बीण-बंदूक घेऊन रानात. त्याने पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक यादी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापली. या भागात त्याला रानपिंगळे एकदा सोडून अनेकदा मिळाले. त्याने ती कातडी स्वतःच्या विशिष्ट पद्धतीने तयार केली, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधली, आणि ती यथावकाश विलायतेस गेली. साऱ्या जगातील संग्रहालयांत मिळून या पाखराचे अवघे सात नमुने. त्यांतले बहुतेक या एका माणसाने खानदेशात मिळविलेले.

डेव्हिडसन काही महान शास्त्रज्ञ नव्हता. ज्ञानकोशात त्याच्यावर पाने खर्ची पडलेली नाहीत. साऱ्याच्या वह्या जितक्या चोख, तितक्याच पाखरांच्या चिठ्ठ्या चोख, असा तो साधा दप्तरी माणूस. १८८४ नंतर कोणालाच रानपिंगळा मिळाला नाही, किंवा ज्यांना दिसला त्यांना कोणी विचारले नाही. आणि मग रंगमंचावर आले कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन.

हे गृहस्थ १८७८ साली लंडनमध्ये एका धनाढ्य घराण्यात जन्मले. समाजवादी विदुषी बिअ‍ॅट्रिस वेब ही त्यांची मावशी. देह उंचापुरा, वागणे बेधडक, वाणी रसाळ. आफ्रिकेत लढले, क्वेट्ट्याच्या लष्करी विद्यालयात शिकले, पॅलेस्टाइनच्या मोहिमेत हेरखात्यात होते. १९१७ साली खोट्या कागदांची पिशवी मुद्दाम शत्रूपुढे टाकून तुर्कांना आपण कसे फसविले, ही कथा ते आयुष्यभर सांगत. त्या करामतीतील त्यांचा वाटा किती, याबद्दलही पुढे संशोधकांनी शंका घेतली आहे. पण फसवणुकीची कथा अभिमानाने सांगणारा माणूस, एवढे आपण ध्यानात ठेवू. पक्ष्यांच्या जगात तर त्यांचा दरारा मोठा. त्यांच्या खासगी संग्रहात वीस हजारांवर नग होते, आणि १९५४ साली तो त्यांनी उदारपणे ब्रिटिश म्यूझियमला अर्पण केला. १९६७ साली सर्व मानसन्मानांनिशी ते वारले.

या संग्रहात एक रानपिंगळा होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते: मांडवी, तापीकाठ, १९१४. म्हणजे गुजरातेतील सुरतेकडची मांडवी. विसाव्या शतकातील रानपिंगळ्याची ही एकुलती एक नोंद! जो पक्षी १८८४ नंतर कोणाला मिळाला नव्हता, तो तीस वर्षांनी कर्नलसाहेबांना मिळाला होता. कोणी शंका घ्यावी? कर्नलसाहेबांच्या शब्दावर शंका घेण्याइतकी छाती कोणाची?

तसे पाहिले तर शंकेला जागा होती. १९१९ साली ब्रिटिश म्यूझियमने याच गृहस्थांना नमुने परवानगीवाचून बाहेर नेल्याबद्दल पक्षिदालनात यायला दीड वर्ष बंदी केली होती. पण बड्या घरच्या माणसाची अशी गोष्ट चारचौघांत बोलली जात नाही. ती कुजबुजीतच राहते. लॉर्ड रॉथशिल्डसारख्यांनी रदबदली केली, बंदी उठली आणि कुजबूजही विरून गेली. विलायत झाली म्हणून काय झाले, चार प्रतिष्ठितांच्या भिडेचे वजन तेथेही आपल्या गावच्या चावडीवर असते तेवढेच.

या भिडेची किंमत कोणी मोजली? आपल्या लोकांनी मोजली. पक्ष्यांचा विषय निघाला की ज्यांचे नाव प्रथम ओठावर येते, ते मुंबईचे डॉ. सलीम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डॉ. डिलन रिप्ली यांनी मिळून भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथराज १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध केला. रानपिंगळा कोठे शोधावा? तर साहजिकच जेथे तो सर्वांत शेवटी मिळाला तेथे, म्हणजे मांडवीच्या बाजूला. तेथे शोध झाला, आणि हाती काही लागले नाही. मग लोक म्हणू लागले, पाखरू नामशेष झाले असावे. सलीम अलींना तर हे कर्नल जवळून ठाऊक होते. १९३७ साली दोघे मिळून अफगाणिस्तानात पक्षी शोधत हिंडले होते. १९८६ साली आंध्रातील कडप्प्याकडे जर्डनचा धाविक हा असाच हरवलेला पक्षी पुन्हा सापडला, तेव्हा नव्वदीच्या घरातील सलीम अलींना तो आनंद भोगता आला. १९८७ साली ते गेले. रानपिंगळ्याचा आनंद मात्र त्यांच्या वाट्याला यायचा नव्हता.

आता त्या बाईंची हकीकत. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ १९९२ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत रिप्लींच्या हाताखाली दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या एका पुस्तकाचे काम करीत होत्या. प्रत्येक पक्षी कोठे आढळतो, हे ठरविण्यासाठी त्या संग्रहालयांतील नमुने आणि त्यांच्या चिठ्ठ्या एकेक करून तपासत. काम किचकट आणि कंटाळवाणे. आमच्या शाळेतील पटपडताळणीसारखेच म्हणा ना. ते करता करता त्यांना दिसले की, माइनर्ट्झहागेनची पाखरे आली की हिशेब चुकतो. जो पक्षी ज्या डोंगरावर कधी राहत नाही तेथला, ज्या ऋतूत तो त्या मुलखात नसतो त्या ऋतूतला. इंग्लंडमधील अ‍ॅलन नॉक्स या अभ्यासकाने १९९३ सालीच त्यांच्या काही नमुन्यांची लबाडी उघड केली होती. रासमुसेनबाई आणि त्यांचे सहकारी यांनी मग हा तपास शेवटास नेला.

तपास कसा केला, ते ऐकण्यासारखे आहे. दोन शिंप्यांनी शिवलेले सदरे सारखे दिसले तरी जाणकाराला टाका ओळखता येतो. पाखराचे कातडे सोलणाऱ्याचेही तसेच असते. चीर कोठे द्यायची, चरबी कशी खरवडायची, कापूस किती आणि कसा ठासायचा, पाय कसे वळवायचे, यांत प्रत्येकाचा हात वेगळा. मांडवीच्या त्या रानपिंगळ्यावर कर्नलसाहेबांचा हात वरवरचा होता. एखाद्याने जुना कोट उसवून, अस्तर बदलून पुन्हा शिवावा, तसे कातडे पुन्हा भिजवून उसवलेले आणि नव्याने शिवलेले होते. आतल्या खुणा पाहण्यासाठी क्ष-किरणांची मदत घेतली गेली. बारकाईने तुलना करता आत सापडला तो दुसऱ्याच माणसाचा हात: जेम्स डेव्हिडसनचा!

उलगडा झाला तो असा. १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत डेव्हिडसनने खानदेशात मिळविलेला, ब्रिटिश म्यूझियममध्ये ठेवलेला एक रानपिंगळा कर्नलसाहेबांनी तेथून लांबविला, त्याची चिठ्ठी फेकली, रूप पालटले, आणि ‘मांडवी, १९१४’ अशी नवी चिठ्ठी बांधली. पुढे तोच पक्षी दान म्हणून ज्याच्या घरातून चोरला त्यालाच परत केला, आणि वर दानशूर म्हणवून घेतले. शेजाऱ्याच्या परड्यातील फुले चोरून त्याच्याच सत्यनारायणाला हार घालावा, त्यातला हा प्रकार. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही सारी हकीकत १९९९ साली ‘आयबिस’ या पक्षिशास्त्राच्या मान्यवर त्रैमासिकात पुराव्यानिशी छापली. असे एक-दोन नव्हे, शेकडो नमुने या गृहस्थांनी नासवले असल्याचे पुढे निष्पन्न झाले.

पण लबाडी पकडणे ही अर्धीच गोष्ट. खरी मौज पुढे आहे. मांडवीची चिठ्ठी खोटी, असे ठरताच सारा हिशेब बदलला. मग हा पक्षी मांडवीला सापडत नाही यात नवल काय? त्या चिठ्ठीपुरता तो तेथे कधी नव्हताच. आता शिल्लक राहिल्या त्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या: पूर्वेकडे फुलझर आणि खरियार, पश्चिमेकडे डेव्हिडसनचे शहादे.

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, न्यूयॉर्कचे बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट असे तिघे भारतात आले. आधी त्यांनी पूर्वेकडील जागा धुंडाळल्या. तेथे काही मिळाले नाही. मग ते शहाद्यास आले. डेव्हिडसनच्या काळी पायथ्याच्या सपाटीवर जी झाडी होती, ती कधीच गेली होती. तेथे आता शेते होती. तेव्हा ते सातपुड्याच्या चढणीला लागले, जेथे साग अजून तग धरून होता. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी एका निष्पर्ण झाडावर किंग यांना एक लहानसे घुबड दिसले. दुर्बिणी वळल्या. डोक्यावर ठिपके नव्हते. पाय पांढरे होते. कोवळ्या उन्हात बसून ते शेपटी झटकीत होते.

त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली, चित्रफीत घेतली. या खेपेला कातडे सोलण्याची गरज पडली नाही. तेव्हा हा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा त्यानंतर, १ जुलै १९९८ रोजी झाला. जिल्ह्याच्या जन्माआधी सात महिने त्याला ही कीर्ती लाभली, असे म्हणायला हरकत नाही.

ही गोष्ट मी आमच्या वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "गुरुजी, एकशे तेरा वर्षे तो होता तरी कुठे?" मी उत्तर देण्याआधीच त्याच्या शेजारचा बोलून गेला, "अरे, तो तिथेच होता. शोधणारे दुसरीकडे होते." सबंध इबिसी पांडित्यात याहून नेमके वाक्य मला आढळलेले नाही. सातपुड्यातील भिल्ल-पावऱ्यांच्या डोक्यावरून तो रोज उडत असणार. पण ज्ञान चालते ते कागदावरून, आणि कागदावर एका बड्या माणसाने मांडवी लिहून ठेवली होती.

कादंबरीकार म्हणून मला कर्नलसाहेबांचा राग यावा की त्यांच्याशी नाते जोडावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मीही गावे रचतो, माणसे रचतो, त्यांच्या तोंडी न झालेली भाषणे घालतो. पण माझ्या पुस्तकावर ‘कादंबरी’ असा शब्द छापलेला असतो. वाचक दार उघडून आत येतो तो ठरवून. कर्नलसाहेबांनी कादंबरी लिहिली ती चिठ्ठीवर, जेथे लोक सत्याच्या भरवशाने येतात. गुन्हा कल्पनेचा नव्हता, जागेचा होता.

मास्तर म्हणून मला या गोष्टीत दुसरेच काही दिसते. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर नावाची एक जाडजूड वही असते. तिच्यात मुलाचे नाव, जात, जन्मतारीख लिहिली जाते, आणि त्यावरून पुढे दाखले, नोकरी, निवृत्ती, सारे ठरते. जुन्या वह्या उघडून पाहाव्यात: गावातली निम्मी मुले १ जूनला जन्मलेली! आईबापांना तारीख ठाऊक नसे. मास्तरांनी शाळा उघडण्याच्या हिशेबाने १ जून ठोकून दिलेली. महाराष्ट्रात या तारखेला जितके वाढदिवस येतात, तितके निसर्गाने खचितच ठरविले नव्हते. ही थाप निरुपद्रवी म्हणून आपण हसतो, आणि ती हसण्यासारखी आहेही; कारण ती सर्वांना ठाऊक असते. जी थाप कोणालाच ठाऊक नसते, ती घातक. वहीतील एका ओळीने माणूस आधी किंवा नंतर निवृत्त होतो. चिठ्ठीवरील एका ओळीने एक जिवंत पाखरू मेल्यात जमा होते. आणि मेल्यात जमा झालेल्याचे रान राखण्यासाठी कोण धडपडणार?

कारण या गोष्टीत पणाला लागली होती ती कोणा कर्नलची अब्रू नव्हे. पणाला लागले होते सातपुड्याचे रान. रानपिंगळा सापडल्यावर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तळोदे-तोरणमाळच्या बाजूला त्याचा अभ्यास मांडला. पुढे मेळघाटात तो चांगल्या संख्येने आढळला, मध्यप्रदेशात आढळला. आणि २०१४ साली तर मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यात दिसला, जेथे तो असेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. नव्या जागा कळत गेल्या तसा जगाच्या धोकापत्रातील त्याचा दर्जा २०१८ साली ‘अतिसंकटग्रस्त’ या पायरीवरून ‘संकटग्रस्त’ या पायरीवर आला. तरीही प्रौढ पाखरांची संख्या हजाराच्या आतच धरली जाते. त्याला लागते सागाचे, मोकळे, ढोल्यांच्या जुन्या झाडांचे रान. ते रान शेतीसाठी, लाकडासाठी तुटत आले आहे. शहाद्याच्या सपाटीवरचे तर कधीच गेले. डेव्हिडसनची चिठ्ठी आणखी पन्नास वर्षे दडून राहिली असती, तर चढणीवरचेही किती उरले असते, सांगता येत नाही.

सणाच्या निमित्ताने आणखी एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. देशाच्या काही भागांत दिवाळीच्या सुमारास घुबडांची चोरटी विक्री होते. लक्ष्मी घरात कोंडून ठेवावी या वेड्या समजुतीने कोणी मांत्रिक तिच्या वाहनाचाच बळी मागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, आणि रानपिंगळा तर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पण कायदा कशाला हवा? जिची पूजा मांडायची तिचेच वाहन मारायचे, हे गणित औलूक्य दर्शनवाल्यांनाच काय, चौथीतल्या पोरालाही पटणार नाही.

वाचकहो, सुट्टीत मुलेबाळे घरी असतात. त्यांच्या हाती एक कोरी वही द्यावी आणि घराभोवती दिसणारी पाखरे लिहायला सांगावे. महाग दुर्बीण लागत नाही. तारीख, गाव, झाड, वेळ, आणि पाहणाऱ्याचे नाव, एवढे पुरे. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे. शेजारच्या बंडूला मोर दिसला म्हणून आपणही मोर लिहू नये. डेव्हिडसनने याहून अधिक काही केले नव्हते. तो गेला, त्याचे सरकार गेले, त्याची राहुटी जेथे पडे ते रानही गेले, पण त्याच्या चिठ्ठीवर विश्वासून एकशे तेरा वर्षांनी सात समुद्रांपलीकडून माणसे आली आणि त्यांना बरोबर पाखरू भेटले.

आणि आणखी एक. एखादे दिवशी पाखरू दिसले नाही, तर ‘आज दिसले नाही’ असेही वहीत लिहावे. तीही नोंदच आहे, आणि कर्नलसाहेबांना ती उभ्या जन्मात लिहिता आली नाही.